रॉकेटच्या चकल्या

सोऱ्या मी चोरला, असं आमच्या घरात अजूनही म्हटलं जातं. मी तो दुकानातल्या वरच्या फळीवरून उचलला होता, दुकान घरचंच होतं, आणि चार महिन्यांनी तो होता तिथे नेऊन ठेवलाही होता. याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणोत. मधल्या चार महिन्यांत त्या सोऱ्यातून मी रॉकेटसाठी लागणारा माल पाडला, एवढं मात्र मी घरी सांगितलं नव्हतं.

नव्वदीची अखेर होती. हुबळीच्या बाजारात सासरचं भांड्यांचं दुकान. सासरे गेल्यापासून ते सासूबाई चालवत होत्या. सासरे होते तेव्हाही त्याच चालवत होत्या, असं बाजारातले लोक सांगायचे. नवरा फिरतीच्या नोकरीवर. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. रोज सकाळी डबा घेऊन धारवाडची बस पकडायची आणि तिथल्या एका कॉलेजात सरांच्या हाताखाली प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करायचं. प्रकल्प दोन वर्षांचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी अट घातली होती.

"प्रकल्प आहे तोवर जा. तो संपला की काउंटरवर बसायचं. माझे गुडघे आता उठबस करू देत नाहीत."

मी लगेच हो म्हटलं. दोन वर्षं म्हणजे कधी न संपणारा काळ, असं तेव्हा वाटलं होतं. पावणेदोन वर्षं झाली तेव्हा मात्र काउंटर डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मला भांड्यांचं वावडं नाही. पण एका डब्याचं झाकण अकरा वेळा उघडून बंद करून बघणाऱ्या गिऱ्हाइकाशी हसून बोलणं माझ्याच्यानं होत नाही. एकदा सासूबाई जेवायला घरी गेल्या होत्या म्हणून मी तासभर बसले होते. तेवढ्यात दोन बायका दुसऱ्या दुकानात गेल्या आणि एकीनं जाताना मला, "इतकं असेल तर दुकान कशाला उघडता?" असं विचारलं. त्यामुळे मला प्रकल्पाची मुदत वाढवून हवी होती. ज्ञानाची ओढ वगैरे होतीच, पण मुख्य कारण हे.

आता प्रकल्प काय होता ते सांगते. उपग्रह वर नेऊन सोडला की काम संपत नाही. त्याला तिथे थोडं इकडे, थोडं तिकडे वळवावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्या अंगावर बोटाएवढी छोटी रॉकेटं बसवलेली असतात. त्यांत भरायचं नेहमीचं इंधन भयंकर विषारी. भरणाऱ्या माणसांना डोक्यापासून पायापर्यंत झाकून घ्यावं लागे. म्हणून माणसांना आणि हवापाण्याला कमी त्रास देणारं इंधन सगळेच शोधत होते आणि एक जुनाच उमेदवार पुन्हा पुढे आला होता, हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर घातलं की फेस येतो तेच, फक्त रॉकेटसाठी फार कडक. त्याचं विघटन झालं की गरम वाफ आणि ऑक्सिजन निघतो, दुसरं काही नाही. पण ते पापणी लवायच्या आत व्हायला कॅटॅलिस्ट लागतो, म्हणजे उत्प्रेरक. स्वतः झिजत नाही, पण दुसऱ्याला कामाला लावतो. सासूबाईंना मी हा शब्द असाच समजावून सांगितला होता. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी."

बाहेर या कामाला चांदीच्या जाळ्या वापरत, कुठे त्याहून महाग धातू. आमच्या सरांनी लिहून दिलं होतं की हेच काम आम्ही मँगनीजवर करून दाखवू. टॉर्चच्या सेलमध्ये काळी पूड असते ना, तीच जात. सर धारवाडचेच. घरी कन्नड, माझ्याशी मराठी आणि रागावले की इंग्रजी. हुशार माणूस, पण प्रत्येक गोष्टीला सिद्धान्त लागायचा. चहा उतू गेला तरी ते फळ्याकडे बघायचे.

मँगनीजला बसायला काहीतरी आधार हवा. त्यासाठी अ‍ॅल्युमिनाची पांढरी पूड घ्यायची, पाण्यात थोडं नायट्रिक अ‍ॅसिड घालून तिचा गोळा मळायचा, त्याला आकार द्यायचा, वाळवायचं, भट्टीत भाजायचं. मग मँगनीजच्या द्रावणात बुडवून पुन्हा भाजायचं की काळ्या कुळकुळीत नळ्या तयार. नळ्याच हव्या होत्या, कारण पोकळ असल्या की पेरॉक्साइड आतून-बाहेरून दोन्हीकडून लागतं. हाताने वळलेल्या गोळ्या एक आवळ्याएवढी, एक वाटाण्याएवढी अशा व्हायच्या. नळ्या पाडायच्या यंत्राचा भाव सरांनी मागवला. ते पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली आणि पाणी मागितलं.

"बाई, दुसरं काही सुचतंय?"

"सर, चकली."

"आत्ता? डबा आणलाय का?"

"खायची नाही सर. सोऱ्या."

दुकानात तेव्हा स्टीलचे सोरे खपत. वरच्या फळीवर एक पितळेचा होता, जड, काळवंडलेला, वर्षानुवर्षं पडून. कोणी विचारत नव्हतं. तो मी एका रविवारी पिशवीत घातला. त्याच्या चकलीच्या ताटलीला मागून एक पट्टी बसवली आणि भोकाच्या मधोमध येईल असा खिळा डकवला. गोळा खिळ्याभोवतीनं उतरला की पोकळ नळी बाहेर. पहिली नळी पडली तेव्हा सर खुर्चीवरून उठले. अहवालात त्यांनी त्याला "स्वदेशी बनावटीचा लघु-एक्स्ट्रूडर" असं नाव दिलं.

नळ्या आम्ही खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत घालायचो. एकदा वरच्या मजल्यावरचे एक प्राध्यापक आले, त्यांनी बोलता बोलता एक उचलली, मोडली आणि तोंडात टाकली. थुंकून म्हणाले, "मीठच नाही." त्यानंतर खिडकीत पाटी लागली.

पण त्या नळ्या कामाला पहिल्या नंबरच्या निघाल्या. स्टीलच्या छोट्या नळकांड्यात त्या भरायच्या, एका बाजूने पेरॉक्साइड सोडायचं आणि तापमानाचा काटा बघायचा. थेंब लागला की काटा उडी मारायचा आणि दुसऱ्या टोकाने वाफ फुस्सकन बाहेर. आमची अपेक्षा त्याच्या निम्मी होती. सरांनी अहवालात दोन पानं भरून लिहिलं की हा सगळा पोकळ आकाराचा प्रताप आहे. आकृत्या, समीकरणं, सगळं. मीच टाइप केलं.

दिवाळी जवळ आली, म्हणजे चकलीचा हंगाम. सासूबाई फळ्या आवरायला काढतील आणि सोऱ्याची जागा रिकामी दिसेल, या भीतीने मी तो परत नेला. नेताना मला शहाणपण सुचलं. चार महिने वापरलेला कळू नये म्हणून चिंच आणि राख लावून बाहेरून असा घासला की तोंड दिसावं. आतून नुसता विसळला. आत कोण बघतंय?

पुढच्याच आठवड्यात सरांना पत्र आलं. दोन वरिष्ठ शास्त्रज्ञ पाहणीला येणार होते. नव्या नळ्या त्यांच्यासमोर पाडून दाखवायच्या, आधीच भाजलेल्या नळ्यांवर पेरॉक्साइड सोडून दाखवायचं. पटलं तर मुदतवाढ, नाही तर प्रकल्प तिथेच बंद. हातात तीन आठवडे. जुन्या नळ्या चाचण्यांमध्ये संपल्या होत्या.

मी संध्याकाळी दुकानात गेले. फळीवर सोऱ्या नव्हता.

"आत्याबाई, इथे एक पितळेचा सोऱ्या होता ना?"

"गेला," सासूबाई मोठ्या समाधानानं म्हणाल्या. "इतकी वर्षं धूळ खात होता. परवा बघते तर कसा लखलखतोय. म्हटलं हा इथे काय करतोय, पुढे आणून ठेवला. दोन दिवसांत गेला. पितळेला पुन्हा दिवस आलेत बघ."

दुसऱ्या दिवशी एक स्टीलचा सोऱ्या उचलला. खिळा त्याच मापाचा, पट्टी तशीच, गोळा तोच. नळ्या पडल्या पांढऱ्याशुभ्र, बघत राहाव्यात अशा. भाजल्या, बुडवल्या, पुन्हा भाजल्या, नळकांड्यात भरल्या. पेरॉक्साइड सोडलं.

काटा उठला, पण जेवणानंतरच्या क्लार्कसारखा.

"पोकळी चुकतेय," सर म्हणाले आणि कॅलिपर घेऊन बसले. पोकळी चुकत नव्हती. दुसरा घाणा केला, तिसरा केला. मध्ये वीज गेली आणि भट्टी थंड झाली म्हणून एक घाणा टाकून द्यावा लागला. सर इंग्रजीत बोलायला लागले. मला एकच फरक दिसत होता. जुन्या नळ्या भाजण्याआधी किंचित हिरवट दिसायच्या, या पांढऱ्या होत्या. तेव्हा आम्ही दोघांनी तो हिरवटपणा खिडकीच्या रंगीत काचेवर ढकलला होता. काच अजून तिथेच होती.

दोन आठवडे उरले. सोऱ्याच परत आणायचा असं मी ठरवलं.

"आत्याबाई, तो पितळेचा सोऱ्या कोणी नेला?"

"कलघटगीची बाई. लेकीचं लग्न आहे, रुखवताला चकल्या करायच्यात. का?"

"एका ओळखीच्या बाईंना तसाच हवाय. परत मिळेल का? बदलून दुसरा दिला तर?"

"त्यावर नाव घालून दिलंय, नवरीचं. नाव घातलेलं भांडं आपण परत घेत नाही. पाटी वाच. तूच रंगवलीस."

भांडं घेतलं की त्यावर नाव कोरून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. कोरायचं छोटं मशीन काउंटरवरच असतं. त्यामुळे गिऱ्हाईक आणि गाव सासूबाईंच्या लक्षात राहतं, आणि माल कायमचा जातो.

मी रजा टाकली, पिशवीत नवाकोरा स्टीलचा सोऱ्या घेतला आणि कलघटगीची बस धरली. लग्नाचं घर शोधायला त्रास पडला नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत मांडवाचे बांबू येऊन पडले होते. अंगणात एक उंच, रुंद बांध्याच्या बाई सुपात काहीतरी पाखडत होत्या.

"अक्का, मी हुबळीच्या भांड्यांच्या दुकानातून आले. सून तिथली."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बरं झालं आलीस. मीच येणार होते भांडायला."

मी बसते तोवर त्या आत जाऊन सोऱ्या घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हा खिळा काय म्हणून? चकलीच्या पोटात खिळा कशाला?"

"ती नवीन पद्धत आहे, अक्का. पोकळ पडते."

"पडते. ते मी बघितलं. व्याह्यांकडच्या बायका आल्या होत्या, त्यांना फार आवडली. म्हणाल्या, कशी केली? मी म्हटलं, तुम्हाला कशाला सांगू? खिळ्याचं मी माफ केलं. पण हे बघ." त्यांनी सोऱ्या उजेडाला धरला. "आत बघ. वापरलेला आहे हा. नवा म्हणून जुना विकला तुझ्या सासूनं."

"छे, छे. तसं नाही."

"मग आत हिरवं कसं आलं? आंबट घातलंय कुणीतरी ह्यात. ताकातलं पीठ, नाही तर चिंचेचं पाणी. पितळेत कुणी आंबट घालतं का? पहिला घाणा माझा सगळा कळकला. तोंडात घातला की जीभ आखडते. म्हशीपुढे टाकला, म्हशीनं मान फिरवली. मग दोन दिवस आतून घासला, उकळत्या पाण्यात ठेवला, तेव्हा कुठे सुधारला. अशी कोण अडाणी बाई आहे तुमच्या घरात?"

मी सोऱ्याच्या आत बोट फिरवलं. पितळ जागोजागी खरबरीत झालं होतं, खाल्ल्यासारखं. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं.

कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं, हे मला माझ्या आईनं मी फ्रॉकात असताना शिकवलं होतं. ते का होतं, म्हणजे आंबटाने पितळेतलं तांबं सुटून ताकात उतरतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. दोन्ही मला पाठ होतं. आणि मी चार महिने नायट्रिक अ‍ॅसिड घातलेला गोळा पितळेच्या सोऱ्यात दाबत होते! आमच्या नळ्या नुसत्या मँगनीजच्या नव्हत्याच. प्रत्येक नळीत तांबं उतरलं होतं. काटा उडी मारत होता तो त्या दोघांच्या जोडीमुळे. पोकळ आकार, आकृत्या, समीकरणं, दोन पानं, सगळं बाजूला. आमच्या लघु-एक्स्ट्रूडरला कल्हई नव्हती, हा खरा शोध.

मला हसू फुटलं. अक्का बघत राहिल्या.

"हसायला काय झालं?"

"अक्का, ती अडाणी बाई मीच."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सांगणं भागच होतं. त्या घरात लोक त्यातून पडलेलं खाणार होते. एकदा मी मँगनीजही गोळ्यातच मळून बघितलं होतं, तेही सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ह्यात तू चकली केलीच नाहीस."

"नाही. रॉकेटचं सामान केलं."

"उडतं का?"

"अजून नाही."

"मग माझी चकली बरी," असं म्हणून त्यांनी मला एका कागदात दोन चकल्या बांधून दिल्या, बहुतेक सवयीनं. "आता ऐक. हा तू घेऊन जा, मला नको. पण लग्नाआधी मला नवा पितळेचा आणून द्यायचा. कोरा. लेकीचं नाव घालून. आणि खिळा पाहिजे."

"स्टीलचा चालेल का? हा बघा, आणलाय."

"पितळेचा घेतला होता, पितळेचाच पाहिजे. नाही तर मी दुकानात येते आणि सगळ्या गिऱ्हाइकांपुढे बोलते."

त्या बोलल्या असत्या. मी सोऱ्या आणि चकल्या घेऊन परतीच्या बसमध्ये बसले. कॅटॅलिस्टचा प्रश्न सुटला होता. पितळेचा नवा सोऱ्या मागवायचा तर तो सासूबाईच मागवू शकत होत्या, हा दुसरा प्रश्न होता, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता.

रात्रीच्या स्वयंपाकाआधीच सांगून टाकलं. पोळीचं पीठ मळता मळता, म्हणजे नजर खाली ठेवायला कारण असतं. सासूबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. रॉकेट, अ‍ॅसिड, चार महिने, यांतलं काही त्यांना लागलं नाही. लागलं ते एवढंच:

"माझ्या दुकानातून वापरलेला माल नवा म्हणून गेला."

"चूक झाली, आत्याबाई."

"मी माझ्या हातानं नाव कोरून दिलं त्यावर." त्यांनी पिठाचा डबा बंद केला. "तुझी ती परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात."

"होऊ दे. मग बोलते."

नवा सोऱ्या त्यांनी दोन दिवसांत कुठून तरी मागवला. नाव घातलं. खिळ्याची ताटली मी घरी बसून तयार केली आणि त्या स्वतः, दुखऱ्या गुडघ्यांसकट, कलघटगीला जाऊन देऊन आल्या. तिकडे काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.

इकडे लॅबमध्ये मी स्टीलच्या सोऱ्यात भरायच्या गोळ्यात तांब्याचा क्षार चिमूटभर घातला. नळ्या हिरवट पडल्या. भाजून, बुडवून, पुन्हा भाजून नळकांड्यात भरल्या. काट्यानं पूर्वीसारखी उडी मारली.

सर आधी आनंदले. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांना दोन पानं आठवली होती.

"पोकळीचाही थोडा हात असेलच," ते म्हणाले.

मी खिळा काढून भरीव कांड्या पाडल्या, तांबं घातलेल्या. काट्याची उडी जवळजवळ तेवढीच.

"बाई, हा प्रयोग करायची गरज होती का?" सरांनी इंग्रजीत विचारलं.

अक्कांनी दिलेल्या चकल्या मी तपासणीसाठी टेबलावर ठेवल्या होत्या. सोऱ्या घासून-उकळून काढल्यावरही त्यांत काही उतरतंय का, ते बघायचं होतं. मी वळून बघते तर एकच.

"सर, तो नमुना होता!"

"दोन होते म्हणून," सर म्हणाले. "पण पोकळ छान लागते हो."

उरलेल्या चकलीची तपासणी केली. तिच्यात काळजीचं काही निघालं नाही. सरांना ते मी दुपारपर्यंत सांगितलं नाही.

पाहणीच्या दिवशी दोघेही वेळेवर आले. एक तरुण, सतत लिहिणारे. दुसरे वयस्क, पान खाणारे. कन्नड बोलले तेव्हा कळलं की विजापूरकडचे. सरांनी मला आधीच बजावलं होतं की तांबं आम्ही विचारपूर्वक, अभ्यास करून घातलं असं सांगायचं. पितळेचा उल्लेख नको. मी मान हलवली होती.

मी त्यांच्यासमोर गोळा मळला, स्टीलच्या सोऱ्यात भरला, नळ्या पाडल्या. मग तयार नळ्यांवर चाचणी. काट्यानं उडी मारली, वाफेचा फुत्कार झाला, तरुण शास्त्रज्ञ दोन पावलं मागे सरकले. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. सहा वेळा.

"उत्तम," वयस्क शास्त्रज्ञ म्हणाले. "पण अहवालात तांब्याचं नाव नाही. त्यात सगळं पोकळीबद्दल आहे. तांबं कशावरून सुचलं?"

सरांनी खडू उचलला. मिश्र ऑक्साइड, इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण, अमुक आणि तमुक. फळा अर्धा भरला. ते गृहस्थ ऐकत होते, पण बघत होते माझ्याकडे, आणि मला वाटतं मी चेहरा नीट ठेवला नव्हता.

"बाई, तुम्ही सांगा. गोळा तुम्ही मळता ना?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी फळ्याकडे बघितलं. खोटं सांगायला माझी हरकत नव्हती, पण त्या माणसानं पुढचा प्रश्न विचारला असता तर मी तिथेच अडकले असते. आणि अडकले असते तर सोमवारपासून काउंटर. मी कन्नडमध्ये सांगून टाकलं, "हित्ताळ्याग हुळि हाकबारदु, सार." पितळेत आंबट घालू नये, एवढाच त्याचा अर्थ. "आम्ही घातलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हसायला लागले. पान तोंडात असल्यामुळे त्यांना खिडकीशी जावं लागलं.

"कुठाय ते पितळ?"

मी कपाटातून जुना सोऱ्या काढून दिला. त्यांनी आत बोट फिरवलं, उजेडाला धरला, अगदी अक्कांसारखा. मग उलटा केला. त्यावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं.

"ह्या कोण? प्रकल्पात यांचं नाव दिसत नाही."

"नवरी आहे, सर," मी म्हटलं.

"कोणाची?"

"ते... प्रायोगिक मॉडेल आहे," आमचे सर घाईनं म्हणाले.

मला मग कलघटगीपर्यंतची सगळी हकीकत सांगावी लागली. तरुण शास्त्रज्ञांनी लिहिणं थांबवलं होतं. गोष्ट संपल्यावर वयस्क शास्त्रज्ञांनी अहवाल उघडला, ती दोन पानं शोधली आणि त्यांवर तिरकी रेघ मारली.

"ही काढा. बाई सांगतात त्या चार ओळी घाला. आणि तांबं किती उतरलं होतं ते मोजून कळवा. पितळेत जस्तही असतं, त्याचं काय झालं? हे सगळं न करता दोन वर्षं मागताय?" त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "एक वर्ष देतो."

सर त्या दिवशी उरलेला वेळ इंग्रजीतच होते. जस्ताचं मी पुढे मोजलं. त्याचा उपयोगही नव्हता, त्रासही नव्हता. पण तेव्हा माझ्या मनात जस्त नव्हतं. एकच वर्ष मिळालं होतं. वर्षानंतर पुन्हा तीच अट, तेच काउंटर, आणि त्यात आता सासूबाईंचं "मग बोलते" राहिलेलं.

मुदतवाढीचं पत्र हातात आल्यावर मी ते दुकानात घेऊन गेले. सासूबाईंनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, इंग्रजी असूनही.

"एक वर्ष."

"हो."

"आणि मग?"

"मग आपलं ठरलंय तसं," मी म्हटलं. खोटं बोलायची आणखी हिंमत नव्हती.

त्यांनी पत्राची घडी घातली आणि परत दिली.

"काही ठरलेलं नाही. वर्षानंतर नोकरी शोध, शिकव, घरी बस, काय वाटेल ते कर. ह्या काउंटरवर तू बसायची नाहीस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कलघटगीच्या बाईपुढे मी हात जोडून उभी राहिले. ह्या दुकानात असं कधी झालं नव्हतं. तू विकायला बसलीस तर काय नवं, काय जुनं, कशात अ‍ॅसिड घातलंस, मला काय कळणार? मी बघेन कोणीतरी पगारी माणूस. सरळ माणूस."

"बरं, आत्याबाई."

"आणि फळ्यांना हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"हसतेस का?"

"नाही," मी म्हटलं आणि पदर तोंडाला लावून बाहेर आले. एक गिऱ्हाईक पायरी चढून वर येत होतं. त्याला काय हवं ते विचारायला मी थांबले नाही. समोरून धारवाडची बस निघत होती. चाचणीचं नळकांडं धुवायचं राहिलंय, एवढं कारण मला पुरलं, आणि मी ती धरली.